तीन हिवाळे बंद पडलेला जुना पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट, जाळणारी शेगडी) घेतलाय, पेटवण्याआधी काय करू?

आधी प्लग काढा आणि हॉपर, म्हणजे पेलेट भरायची टाकी, पूर्ण रिकामा करा. दमट तळघरात पडून राहिलेल्या पेलेटचा फुगून भुसा होतो आणि ऑगरमध्ये (पेलेट आगीकडे ढकलणाऱ्या स्क्रूमध्ये) सिमेंटसारखा बसतो. इथे अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये माझा अख्खा रविवार तो स्क्रू-ड्रायव्हरने खरवडण्यात गेला! बर्न पॉटची, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्याची, भोकं मोकळी करणं सोपं. खरी राख आतल्या पत्र्यांमागे, धूर बाहेर फेकणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर आणि चिमणीच्या पाइपात दडलेली असते. पंखा काढलात तर त्याचं गॅस्केट (सांध्यातून धूर गळू न देणारं पॅकिंग) नवंच घाला. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज निघाली तर दाराची सीलिंग दोरी बदला. घरातल्या साध्या व्हॅक्यूमने राख ओढू नका, खोलीभर उडते. पेटवण्याआधी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलेला हवाच.