फायर अलार्मचा दोष आणि दोन वर्षांची मुदत

मुलुंडमधील एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव लिहितात, 'ठेकेदाराने बसवलेला फायर अलार्म फोडणीच्या धुरानेही वाजतो. पॅनेल कार्यालयात कुलूपबंद असते आणि त्यावर मजला कळत नाही, केवळ झोनचा, म्हणजे इमारतीच्या एका भागाचा, दिवा लागतो. कंटाळून वॉचमनने हूटरची, म्हणजे भोंग्याची, वायर काढली. काम ताब्यात घेऊन 22 महिने झाले, स्मरणपत्रांना उत्तर नाही. पैसे परत मिळतील का?'

अशी पत्रे अनेक सोसायट्यांकडून येतात आणि निर्णायक तारीख त्यांत शेवटी कुठेतरी सापडते. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 69 नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी लागते आणि केवळ स्मरणपत्रे पाठवल्याने ही मुदत वाढत नाही. दोष उशिरा कळला, म्हणून मुदत तेव्हापासून मोजावी, असा युक्तिवाद करता येतो. सबळ कारण दाखवल्यास विलंब माफही होतो. तरीही त्यावर विसंबू नये, कारण आपण जोडलेल्या ताबापत्रावर 'यंत्रणा समाधानकारक चालते' या वाक्याखाली संस्थेची सही आहे. एकही डिटेक्टर तपासून न पाहता ती सही करायला नको होती. तक्रार याच महिन्यात दाखल करा.

हूटरची वायर मात्र आजच जोडून घ्या. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 च्या कलम 3 नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे आणि तसे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये अग्निशमन दलाला द्यावे लागते. हूटर बंद असताना संस्थेने 'सर्व सुस्थितीत' असा फॉर्म दिला असेल, तर ठेकेदार तोच आयोगापुढे ठेवील; आणि दुर्दैवाने आग लागली, तर समितीला उत्तर देणे फार कठीण जाईल.

पूर्ण रक्कम परत मिळेल, असे मी सांगू शकत नाही. डिटेक्टरच्या जागा दाखवणारा आराखडा ठेकेदाराचा असेल, तर बाजू भक्कम आहे. केबलचा खर्च वाचवण्यासाठी समितीनेच बदल सुचवले असतील, तर ती तेवढी कमकुवत होते. स्वयंपाकघराच्या दाराशी उष्णतेवर चालणाऱ्या डिटेक्टरऐवजी धुराचा डिटेक्टर का लावला, याचे उत्तर आयएस 2189 या फायर अलार्मविषयीच्या भारतीय मानकाच्या आधारे ठेकेदाराकडून मागता येईल.

कायद्याने तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत, वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा. प्रत्यक्षात वर्षे जातात आणि तोवर रहिवाशांना बिघडलेल्या यंत्रणेवर सोडणे अक्षम्य ठरेल. म्हणून पॅनेलमध्ये नोंदी साठत असतील तर त्या कोणी रिसेट करण्याआधी उतरवून घ्या, प्रत्येक डिटेक्टरच्या जागेचे छायाचित्र काढा, दुसऱ्या परवानाधारक एजन्सीचा लेखी अहवाल व खर्चाचा अंदाज घ्या, त्यांच्या प्रती तक्रारीला जोडा आणि मगच दुरुस्तीला हात लावा.