पहिल्या महायुद्धात खंदकांत लढलेल्या सैनिकांच्या कविता वाचायच्या आहेत. इंग्रजी बेताचंच आहे. सुरुवात कोणापासून करू?

माझं ऐकाल तर आयझॅक रोझेनबर्गपासून. बहुतेक जण विल्फ्रेड ओवेनचं नाव पुढे करतील, तेही वावगं नाही. पण ओवेन आणि दुसरा युद्धकवी सिगफ्रिड ससून हे अधिकारी. रोझेनबर्ग साधा शिपाई, लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गरीब ज्यू घरातला, चित्रकला शिकलेला. आणि चित्रकाराची नजर त्याच्या ओळीओळीत आहे.

त्याची १९१६ची ‘ब्रेक ऑफ डे इन द ट्रेंचेस’ जेमतेम पानभराची आहे. हल्ला बरेचदा पहाटे व्हायचा, म्हणून उजाडायच्या आधीपासून शिपाई बंदुका घेऊन सज्ज उभे असत. कविता नेमकी त्या वेळची. हा गडी खंदकाच्या कडेवरचं पॉपीचं फूल कानामागे खोवायला तोडतो, तोच एक उंदीर त्याच्या हातावरून उडी मारतो. मग त्याची उंदराशीच थट्टा सुरू. आत्ता इंग्रज हाताला शिवलास, थोड्या वेळाने पलीकडे जाऊन जर्मन हातालाही शिवशील. तुझी ही सगळ्यांशी सलगी कळली तर गोळी घालतील तुला! धडधाकट जवान मरून पडलेत आणि जगण्याची खात्री आहे ती उंदराची. रडारड कुठेच नाही, तरी अंगावर येते. रोझेनबर्ग एप्रिल १९१८मध्ये मारला गेला.

मग ससूनची ‘द जनरल’ घ्या. सातच ओळी, भाषा सोपी, आणि वरिष्ठांची अशी हजेरी घेतलीय की बस्स.

ओवेन त्यानंतर. ‘डल्से एट डेकोरम एस्ट’मध्ये (लॅटिन नाव, अर्थ ‘गोड आणि शोभणारं आहे’; म्हणजे देशासाठी मरणं) विषारी वायू येतो आणि एकाला मुखवटा वेळेत चढवता येत नाही, तो पाण्यात बुडावा तसा गुदमरतो आणि ते ओवेन आपल्या मुखवट्याच्या काचेतून दिसावं तसं दाखवतो. ही कविता मोठ्याने वाचा, शब्द अडले तरी. ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ला, युद्धबंदीच्या आठवडाभर आधी, पंचविसाव्या वर्षी गेला. आघाडीवर परतताना त्याने आईचा निरोप घेतला तो ‘गीतांजली’तल्या ओळींनी. आईने हे पुढे १९२०मध्ये रवींद्रनाथांना पत्राने कळवलं.

रूपर्ट ब्रुक मात्र शेवटी ठेवा. देशासाठी मरण्याचा गोडवा गाणारी त्याची सुनीतं १९१४ची. तो १९१५मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या आघाडीकडे जाताना वाटेवर रक्तात जंतुसंसर्ग होऊन वारला. फ्रान्समधले खंदक त्याने पाहिलेच नव्हते.