बंदूक हातात न घेताही तो बंडात ओढला जाईल

अमेरिकन वसाहतींच्या बंडावर नाटक लिहिताय, नायक शांततावादी आहे आणि तो बंडात ओढला गेला हे पटवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. आधी एक विनंती: त्याचं घर जाळून किंवा मुलगा मारून त्याच्या हाती बंदूक देऊ नका. तो मग सूडाचा नायक होतो आणि तुमचा मूळ विषयच हातातून निसटतो.

त्याला फिलाडेल्फियाचा क्वेकर दुकानदार करा. क्वेकर म्हणजे युद्ध आणि हिंसा नाकारणारा ख्रिस्ती पंथ. मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या सैन्यात, गेलं नाही की दंड. दंड भरणं म्हणजे युद्धालाच पैसे देणं, म्हणून कट्टर क्वेकर तोही भरत नसत. मग वसुलीवाले घरातलं सामान उचलून नेत. 1777 मध्ये नव्या सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ सक्तीची झाली आणि क्वेकर तर कुठलीच शपथ घेत नाहीत. काँग्रेसने, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेने, युद्धासाठी छापलेल्या कागदी नोटासुद्धा काहीजण नाकारत. शेजारी काउंटरवर तशी नोट ठेवतो, नायक ती हळूच परत सरकवतो, आणि दुकानातले सगळे बघत राहतात. देशद्रोही ठरायला एवढं पुरे होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियातल्या काही प्रमुख क्वेकरांना खटला न चालवता व्हर्जिनियात विंचेस्टरला हद्दपार केलं गेलं. दोघे तिथेच वारले.

उलट बाजूही होती. जे लढायला गेले त्यांना क्वेकरांनी आपल्यातून काढून टाकलं. अशांनी 1781 मध्ये ‘फ्री क्वेकर’ हा वेगळा पंथ काढला.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो नथानिएल ग्रीन यांचा प्रसंग. ऱ्होड आयलंडच्या क्वेकर घरात वाढलेला हा माणूस वॉशिंग्टनच्या सैन्यात सेनापती झाला. 15 मार्च 1781 ला नॉर्थ कॅरोलिनात गिलफर्ड कोर्टहाउसची लढाई झाली. मैदान ब्रिटिश सेनानी कॉर्नवॉलिसने मारलं, पण त्याचे पाचशेहून जास्त सैनिक मेले किंवा जखमी झाले. जवळच न्यू गार्डन ही क्वेकरांची वस्ती. ग्रीन यांनी त्यांना पत्र लिहिलं, मी तुमच्याच शिकवणीत वाढलोय याची आठवण दिली आणि जखमींसाठी मदत मागितली. क्वेकरांनी दोन्हीकडच्या जखमींची शुश्रूषा केली.

तुमचा नायक शेवटच्या अंकात तिथे हवा. एकाच शिकवणीतून आलेली दोन माणसं समोरासमोर येऊ द्या, आणि ग्रीन यांना खलनायक करू नका. त्यांचं म्हणणंही प्रेक्षकाला तितकंच पटलं पाहिजे.