ब्राझील नटचं झाड आणि स्नोशू ससा यांची तुलना होऊ शकते का?

अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं ब्राझील नटचं झाड आणि कॅनडा-अलास्काकडचा स्नोशू ससा यांच्यात तुलना करण्यासारखं काही आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते भरपूर आहे. मेलेल्यांची जागा पुढची पिढी कशी भरून काढते, एवढंच दोघांच्या बाबतीत बघा.

ब्राझील नटचं फळ पिकायला साधारण 14 महिने लागतात. तेवढ्यात सशांची एक अख्खी पिढी जन्मून बहुतांशी संपलेलीही असते. 

सशीण जेमतेम पाच आठवड्यांत विते आणि एका हंगामात दोन ते चार वेळा पिल्लं देते. त्यातली बहुतेक वर्षभरही जगत नाहीत. साधारण दर 10 वर्षांनी सशांची संख्या प्रचंड वाढते आणि मग कोसळते. त्यांच्यावर जगणारा लिंक्स हा रानमांजरासारखा शिकारी प्राणीही मागोमाग घटतो. कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीच्या जुन्या नोंदींत हे चढउतार स्पष्ट दिसतात. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की शिकारी वाढले की नुसत्या धास्तीनंही माद्यांची वीण घटते. तरीही काही वर्षांत ससे पुन्हा सावरतात.

झाडाला अशी घाई नाही, ते 500 वर्षंही जगतं. पण त्याला सोबती लागतात. फुलाची घट्ट टोपी उचलायला दणकट मधमाशी हवी. टणक फळ कुरतडून बिया जमिनीत पुरायला अगुती हा उंदराच्या कुळातला प्राणी हवा. त्यानं पुरून ठेवलेल्या, पण पुन्हा न उकरलेल्या बियांतून रोपं येतात आणि वर ऊन मिळेपर्यंत सावलीत तग धरून राहतात.

म्हणूनच मला सशापेक्षा झाडाची जास्त काळजी वाटते. सशांची घट एक-दोन हिवाळ्यांत लक्षात येते, झाडाची मात्र चटकन दिसत नाही. ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे आजूबाजूचं जंगल कापून कुरण केलं तरी ते एकटं उभं राहतं. मात्र मधमाश्या गेलेल्या असल्यानं फळं फार कमी धरतात. जंगलातही, जिथे वर्षानुवर्षं बिया भरपूर गोळा केल्या गेल्या, तिथे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण झाडं जवळपास सापडलीच नाहीत.