खेळघर – वाचकांचे प्रश्न : भाला कुठे गेला?

ताई, ‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेत मी ‘स्कायरिम’पासून सुरुवात केली आणि उलट्या क्रमाने ‘ऑब्लिव्हियन’, ‘मॉरोविंड’ असा मागे गेलो. जितकं मागे जावं तितकी स्किल्स, म्हणजे पात्राची कौशल्यं, वाढत जातात. मॉरोविंडमध्ये भाल्याचं वेगळं स्किल आहे, पुढच्या खेळांत भालाच गायब! ‘एल्डर स्क्रोल्स’वाल्यांनी खेळ सोपा करता करता त्याची वाट लावली, असं म्हणायचं का?
– एक वाचक, नाशिक

वाट लावली असं सरसकट म्हणायला माझी तयारी नाही, पण तुमचा हिशेब चोख आहे. ‘डॅगरफॉल’मध्ये (१९९६) ३५ स्किल्स होती, मॉरोविंडमध्ये (२००२) २७, ऑब्लिव्हियनमध्ये (२००६) २१ आणि स्कायरिममध्ये (२०११) १८. ताकद, बुद्धी, चपळाई, नशीब वगैरे आठ मूळ गुण ऑब्लिव्हियनपर्यंत टिकले आणि स्कायरिममध्ये बाद झाले. उरल्या तीन पट्ट्या : जीव, जादू, दम.

मी पोटासाठी लेखापरीक्षण करते, आकड्यांशी माझं वैर नाही. तरी सांगते, यातलं बरंचसं गेलं ते बरंच झालं. डॅगरफॉलमध्ये राक्षसांची भाषा, हार्पींची भाषा, सेंटॉरांची भाषा अशी एकेक वेगळी स्किल्स होती. ती न शिकल्यामुळे कुणाचं काही अडल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मॉरोविंडमधली तलवार समोरच्या खेकड्याच्या आरपार जाताना दिसते आणि खेळ सांगतो, नेम चुकला. कारण आत फासे पडत असतात. ऑब्लिव्हियनपासून वार दिसला की लागतो, कौशल्याप्रमाणे इजा कमी-जास्त होते. ही सुधारणाच आहे. (त्याच ऑब्लिव्हियनमध्ये कुऱ्हाड मात्र बोथट हत्यारांच्या खात्यात टाकली होती. ते कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे.)

पण सुक्याबरोबर ओलंही जळलं. मॉरोविंडमध्ये सेयदा नीन गाव सोडून थोडं पुढे गेलात की किंचाळी ऐकू येते आणि आभाळातून एक मांत्रिक दाणकन खाली आदळून मरतो. त्याचं नाव टारहिएल. त्याच्या अंगावर एक वही आणि तीन मंत्रपट सापडतात. एक वाचलात की उडी मारण्याचं स्किल हजाराने वाढतं. मग साधी उडी मारली तरी तुम्ही ढगांत, खालून अर्धं बेट सरकताना दिसतं. मंत्राचा असर मात्र उतरण्याआधीच संपतो आणि तुमचाही टारहिएल होतो. जगायचं तर जमीन जवळ आली की दुसरा मंत्रपट वाचायचा, कारण पडण्याची इजा कमी करणं हेही त्याच स्किलचं काम. बिचाऱ्याकडे तीन शिल्लक होते, त्याला सुचलं नाही! हा विनोद एका आकड्यावर उभा आहे आणि तुम्हाला तो आकडा स्वतः हाताळता येतो. स्कायरिममध्ये उडीचं स्किलच काढून टाकल्यावर असा टारहिएल तिथे पडणार कुठून?

तरंगण्याचा मंत्रही तसाच गेला. मॉरोविंडमधल्या टेलवान्नी घराण्यातल्या मांत्रिकांच्या मनोऱ्यांत वर जायला जिने नाहीत; तरंगता येत नसेल तर खालीच उभे राहा, असा त्यांचा तोरा. ऑब्लिव्हियनमध्ये शहरं वेशीपलीकडच्या वेगळ्या नकाशांत ठेवली. भिंतीवरून कुणी उडत आलं असतं तर आत शहरच दिसलं नसतं, म्हणून तरंगणं बंद.

आणि वाट दाखवणाऱ्या बाणाची गोष्ट. मॉरोविंडमध्ये पत्ता तोंडी मिळतो : पूल ओलांडा, डावीकडे वळा, खडक दिसला की उत्तरेला. कधीकधी चुकीचाही मिळतो. ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक पात्राला आवाज दिला आणि प्रत्येक वाक्य रेकॉर्ड करायची वेळ आली. इतका लांबलचक पत्ता कोण बोलून घेणार? म्हणून होकायंत्रावर बाणाची खूण आली. स्कायरिममध्ये ती खूण बंद करून बघा. नोंदवहीत बहुतेकदा नुसतं ‘अमुक ठिकाणाहून अमुक वस्तू आणा’ एवढंच असतं. तिथे जायचं कसं, ते लिहिलेलं नसतं. पर्याय दिलाय, पण तो वापरता येऊ नये अशा बेताने.

तरीही माझी खरी तक्रार भाल्याबद्दल नाही आणि बाणाबद्दलही नाही. जुना खेळ तुम्हाला ‘नाही’ म्हणायचा. मॉरोविंडच्या मांत्रिक संघात बढती मागा. ठरलेली स्किल्स आणि गुण पुरेसे नसतील तर तोंडावर नकार. ह्लालू, रेडोरान, टेलवान्नी या तीन घराण्यांपैकी एकाचे झालात की उरलेल्या दोघांची दारं बंद. स्कायरिममध्ये विंटरहोल्डच्या विद्यापीठात दोन-चार साधे मंत्र येणारा कुऱ्हाडवाला गडी थेट कुलगुरू होतो. तोच चोरांचा म्होरक्या, तोच मारेकऱ्यांचा आणि तोच योद्ध्यांचाही पुढारी. बंडखोर की साम्राज्य, अशा मोजक्या निवडी सोडल्या तर तुम्हाला कुणी अडवत नाही. तुम्ही काय निवडलंत हे जगाला कळतच नसेल, तर स्किल्स १८ ठेवा नाहीतर ८०.

ऑब्लिव्हियनची नवी आवृत्ती घ्यावी की जुनीच खेळावी? जुनीत लेव्हल वाढवायचं गणित फार किचकट आहे असं मित्र सांगतात.
– एक विद्यार्थी, रत्नागिरी

नवी घे. तुझे मित्र गणिताबद्दल बोलतायत ते खरं आहे, आणि ते नुसतं किचकट नव्हतं, उफराटं होतं. जुन्या ऑब्लिव्हियनमध्ये मुख्य स्किल्स मिळून दहा वेळा वाढली की तुझी लेव्हल वाढते. मग तीन गुण निवडायचे. त्या गुणाखालची स्किल्स मधल्या काळात दहा वेळा वाढलेली असतील तर गुण पाचने वाढतो. वाढलीच नसतील तर एकने. शत्रू मात्र तुझ्या लेव्हलप्रमाणे वाढत राहतात. म्हणजे तू मजेत, बेफिकीर खेळलास तर लेव्हल वाढेल आणि शत्रूच्या मानाने तू दुबळा होत जाशील. मुरलेले लोक यावर तोड म्हणून जी स्किल्स कधी वापरायची नाहीत नेमकी तीच ‘मुख्य’ म्हणून निवडायचे आणि कागदावर रेघा ओढत खेळायचे. ऑफिसात मी तेच करते, त्याचे मला पैसे मिळतात.

२०२५च्या आवृत्तीत आठही गुण ठेवलेत. प्रत्येक लेव्हलला १२ गुणांक मिळतात, ते तीनपर्यंत गुणांत हवे तसे वाटायचे. हिशेब गेला, निवड राहिली. सोपं करायचं तर असं. रस्त्यावरचे दरोडेखोर पुढे पुढे महागडी काचेची चिलखतं घालून शंभर नाण्यांसाठी तुला अडवतात, तो जुना तमाशा मात्र नव्यातही बघायला मिळेल.

‘बाल्डर्स गेट ३’ एवढा किचकट असूनही तुफान चालला. मग ‘लोकांना सोपं हवं असतं’ हे कंपन्यांचं म्हणणं खोटं पडलं, नाही का?
– एक वाचक, फोंडा

अर्धंच. १९९८चा पहिला भाग आणि २०००चा दुसरा खेळून बघा. त्यात चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं, शून्याखाली गेलं तर फारच उत्तम! वार लागेल की नाही हे काढायला वजाबाकी. २०२३चा तिसरा भाग ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलाय, आणि ती आवृत्ती मुळात नियम हलके करूनच आणलेली. आकडा मोठा तर चिलखत चांगलं, वीस बाजूंचा फासा टाका, बेरीज करा, झालं. म्हणजे हासुद्धा सोपा केलेलाच खेळ.

फरक इतकाच, की फासा तुमच्या डोळ्यांसमोर गडगडतो आणि एक पडला तर पडला. समोरचं पात्र रुसतं, दार बंद होतं, क्वचित सोबती कायमचा निघून जातो, आणि गोष्ट तशीच पुढे चालू राहते. हा तिसरा भाग बनवणाऱ्या लारियनवाल्यांनी नियम कमी केले, नकार कमी केले नाहीत.

माझा लॅपटॉप जुना आहे. मॉरोविंड चालेल का? सुरुवातीलाच सारखी मरते म्हणून सोडून दिला होता.
– एक वाचिका, सोलापूर

आरामात चालेल. मूळ खेळ विकत घ्या आणि त्याच्या फायली ‘ओपनएमडब्ल्यू’ या मोफत इंजिनात टाका. जुन्या यंत्रावरही ते बरं पळतं. पात्र बनवताना एकच हत्यार ठरवा, त्याचं स्किल मुख्य स्किल्समध्ये घ्या आणि पहिले काही तास दुसऱ्या हत्याराला हात लावू नका. तुम्ही मरता त्याचं कारण बहुतेक दमाची हिरवी पट्टी असणार. पळालं की ती उतरते, आणि दम संपलेल्या माणसाचे बरेच वार हवेत जातात. भांडण दिसलं की आधी थांबा, पट्टी भरू द्या, मग तलवार काढा.