‘तिथे जाऊन सांगायचं काय?’

प्रश्न : ताई, मी ३६ वर्षांची, बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दिवाळीनंतर वडील गेले. तेव्हापासून पहाटे तीनला जाग येते, ती पुन्हा डोळा लागत नाही. जेवण जात नाही. परवा वर्गात रोजच्याच मुलींना हाक मारताना नावं आठवेनात. कधी वाटतं, सकाळ होऊच नये. मिस्टर म्हणतात, मन रमव. मैत्रीण म्हणते, कुणाला तरी दाखव. पण जायचं कुणाकडे, तिथे सांगायचं काय, आणि शाळेत कळलं तर?
– एक वाचक

उत्तर : तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ‘सकाळ होऊच नये.’ तुम्ही ते मध्येच, घाईघाईत लिहून टाकलंय. डॉक्टरांकडे गेलात की तेच आधी सांगा. ते दचकणार नाहीत. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारतील, आणि त्यांनी ते विचारायलाच हवं. असा विचार ठाण मांडून बसू लागला तर तारखेची वाट पाहू नका. मिस्टरांना उठवा, जवळच्या रुग्णालयात जा, आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

जायचं कुणाकडे? झोप आणि भूक दोन्ही गेली आहे, म्हणून तुम्ही आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे, म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडे जावं असं मला वाटतं. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभागाची ओपीडी आहे. वेळ आधी विचारून घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत, बोलून उपचार करतात. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. ‘समुपदेशक’ एवढी पाटी पाहून शिक्षण कळत नाही, तेव्हा शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली काम केलं, फी किती, एक बैठक किती वेळाची, हे सगळं फोनवरच विचारा. विचारल्याचा राग येत असेल तर तिथे जाऊ नका.

थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासले आहेत का? माझी आई दोन वर्षं ‘टेन्शन’च्या नावाखाली झोपेच्या गोळ्या घेत होती, आणि अखेर निघालं थायरॉइड. ती दोन वर्षं मला अजून टोचतात. तुमचं तसंच असेल असं नाही. वडील जाण्याचं दुःख खरंच आहे. पण तपासणी करून घ्या.

शाळेची भीती मला कळते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. मुख्याध्यापकांनी फोन करून विचारलं तरी डॉक्टरांनी तुमच्या संमतीशिवाय काही सांगायचं नसतं. अपवाद थोडे आहेत: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश, अशांसारखे. ‘माझं बोलणं कुणाकुणाला कळेल?’ हे पहिल्याच भेटीत विचारा. वैद्यकीय रजेसाठी दाखला लागलाच तर त्यात काय लिहिणार, तेही आधी बोलून घ्या.

राहिलं सांगायचं काय. वहीच्या एका पानावर आठवडाभर लिहा: किती वाजता जाग आली, किती घास गेले, कशाने रडू आलं. घरात पूर्वी कुणाला असा त्रास होता का, सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, तेही. तिथे बोलताना रडू फुटलं आणि शब्दच सुचेना, तर ते पान पुढे करा. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणी तसंच करतात.

डॉक्टरांनी नैराश्याची गोळी दिली तर दोन-चार दिवसांत फरक दिसत नाही. दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका, आणि बाधली तर लगेच डॉक्टरांना कळवा. पहिल्या भेटीत त्या व्यक्तीशी सूर जुळला नाही तर दुसरीकडे जाण्यात गैर काही नाही. फक्त जाणं सोडू नका.

मिस्टरांना सोबत न्या. आत मात्र आधी एकट्या बसा. त्यांना कधी बोलवायचं ते तुम्ही ठरवा. वडिलांबद्दल त्यांच्यासमोर बोलता येत नाही, असं तुमच्या पत्रातून मला जाणवलं.