आईला ६५ पूर्ण झाल्यावर लाडकी बहीणचे पैसे बंद होऊन श्रावणबाळ आपोआप सुरू होतं का? आमच्या घरी केशरी रेशनकार्ड आहे.

नाही, आपोआप होत नाही. मी सेतू केंद्रात अर्ज भरून देते आणि सध्या हा प्रश्न रोज कानावर येतो.

लाडकी बहीण महिला व बालविकास विभागाची, श्रावणबाळ म्हणजे ६५ वर्षांवरच्या गरजू वृद्धांची पेन्शन, ती सामाजिक न्याय विभागाची. एका यादीतून नाव कमी झालं म्हणून दुसऱ्या यादीत ते कुणी चढवत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत ६५ वर्षांवरच्या सुमारे १ लाख १० हजार बायका लाडकी बहीणमधून वगळल्याचं सरकारने सांगितलं होतं. श्रावणबाळसाठी मात्र तहसीलच्या संजय गांधी शाखेत (निराधारांच्या योजना बघणारी शाखा) प्रत्येकीला वेगळा अर्ज करावा लागतो.

खरी अडचण उत्पन्नाची आहे. दोन्हीकडे महिन्याला १,५०० रुपयेच मिळतात, पण लाडकी बहीणला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं आणि श्रावणबाळला फक्त २१,००० पर्यंत. अडीच लाखांना १२ ने भागून बघा, २०,८३३ येतात. म्हणजे एका योजनेत महिन्याला जेवढं चालतं, तेवढं दुसरीत जेमतेम वर्षाला चालतं! खुरपणीला ३०० रुपये हजेरी धरली तर ७० दिवसांतच २१,००० भरतात. चौसष्टाव्या वर्षी जी बाई सरकारला गरजू वाटते, ती हातपाय थकल्यावर अचानक सुखवस्तू कशी ठरते? मला हे साफ अन्यायाचं वाटतं. ६५ नंतर तरी ही मर्यादा वाढवायलाच हवी.

तुमच्या घरी केशरी रेशनकार्ड आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे लाडकी बहीणच्या वेळी उत्पन्नाचा दाखला लागलाच नसेल. आता तो लागेल. तलाठ्याच्या अहवालावर तहसीलदार देतात, त्यात वेळ जातो, म्हणून आधीच काढायला टाका. सोबत राज्यात १५ वर्षं राहत असल्याचा पुरावा, आधार आणि बँक पासबुक.

वयाचा पुरावा नीट तपासा. आईच्या वयाच्या कितीतरी बायकांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नोंदणीच्या वेळी फक्त साल सांगितलं गेलं. माझ्यासमोर बसलेल्या एका आजींचं असंच होतं. आधारप्रमाणे ६५ उलटलेले, म्हणून लाडकी बहीण बंद, आणि मतदार यादीत वय दोन वर्षांनी कमी, म्हणून श्रावणबाळला नकार. दोन्ही कागद पदरात धरून त्या विचारत होत्या, ‘मग माझं वय नक्की किती गं?’ शेवटी सरकारी दवाखान्यातून वयाचा दाखला काढला तेव्हा अर्ज पुढे सरकला. आईचे दोन्ही कागद आजच शेजारी ठेवून बघा.

विधवा म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे पैसे घेणाऱ्यांचं ६५ नंतर श्रावणबाळला जाणं त्यामानाने सोपं असतं. शाखा तीच, उत्पन्नाची अट तीच.

आणि कुणी वयोश्रीचं नाव घेतलं तर गोंधळू नका. ते चष्मा, काठी, श्रवणयंत्र अशा गोष्टींसाठी एकदाच मिळणारे ३,००० रुपये आहेत, पेन्शन नव्हे. त्याला उत्पन्नमर्यादा दोन लाख आहे, त्यामुळे श्रावणबाळ नाही बसलं तरी तो अर्ज जरूर करा.